बायोप्सी ‘कॅन्सर नाही’ म्हणते, सीटी स्कॅन ‘असू शकतो’ म्हणतो: विश्वास कशावर ठेवायचा?

प्रश्न: माझे वडील, अण्णा, ६४ वर्षांचे आहेत. एसटीतून निवृत्त झाले. बिडी-तंबाखू कधीच नाही. गेलं वर्षभर आवाज घोगरा आहे आणि सहा महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते. गावात दमा म्हणून पंप दिला, काही उपयोग झाला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने तपासलं तर स्वरतंतूंच्या खाली, मागच्या बाजूला गुळगुळीत फुगवटा दिसला. डावा स्वरतंतू हलत नाही. दोनदा बायोप्सी झाली आणि दोन्ही रिपोर्ट ‘जुनाट सूज, कॅन्सरच्या पेशी नाहीत’ असे आले. सीटी स्कॅनमध्ये मात्र क्रिकॉइड कूर्चेतून (स्वरयंत्राच्या तळाची मऊ हाडाची कडी) निघालेली ३ सेंटिमीटरची गाठ आहे, आत कॅल्शियमचे ठिपके आहेत आणि ‘कॉन्ड्रोसार्कोमाची शक्यता’ असं लिहिलंय. एक सर्जन म्हणतात, अख्खं स्वरयंत्र काढा. दुसरे म्हणतात, बायोप्सी चांगली आहे, सहा महिने थांबू. काका म्हणतात, चाकू लावला की कॅन्सर पसरतो, त्यापेक्षा रेडिएशन देऊन गाठ जिरवा. अण्णा भजनी मंडळात गातात. आवाज जाणार हे ऐकल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलंय. आम्ही काय करावं?
– एक मुलगी, जळगाव जिल्हा

ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही आणि आम्हाला तीच सगळ्यात आधी हवी आहे. अण्णा शांत बसलेले असताना किंवा आडवे झाल्यावर, श्वास आत घेताना घशातून आवाज येतो का? आज रात्री ते झोपले की खोलीतला पंखा बंद करून पाच मिनिटं नीट ऐका. दम्याची शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना येते आणि छातीत ऐकू येते. घशातली वाट अरुंद झाली की आवाज प्रामुख्याने श्वास आत ओढताना येतो, मानेपाशी जास्त ऐकू येतो आणि पंपाने त्याला काडीचाही फरक पडत नाही. अण्णांना पंप लागू पडला नाही त्याचं कारण बहुधा हेच.

असा आवाज बसल्या जागी येत असेल, आडवं झोपवत नसेल, एक वाक्य पुरं करायला मध्ये थांबावं लागत असेल किंवा श्वास घेताना गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात असेल, तर पुढचं सगळं नंतर वाचा. आधी त्यांना अशा रुग्णालयात न्या जिथे नाक-कान-घसा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच छताखाली आहेत. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७-९८ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. वरची वाट अडते तेव्हा तो आकडा अगदी शेवटी खाली येतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा नेब्युलायझर यांनी गाठीवरच्या अस्तराची सूज थोडी उतरते, काही तास बरं वाटतं, गाठ आहे तेवढीच राहते. आणि रात्री झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी मुळीच देऊ नका.

एवढं ठासून सांगण्याचं कारण असं. स्वरतंतूंच्या खाली मोठ्या माणसाची श्वासाची वाट साधारण दीड ते दोन सेंटिमीटर रुंदीची असते. ती रुंदी निम्म्यावर आली की श्वास ओढायला लागणारा जोर दुप्पट होत नाही, तो साधारण सोळापट होतो. त्यामुळे माणूस महिनोन्‌महिने ‘थोडी धाप लागते, वयामुळे असेल’ म्हणत चालतो-फिरतो आणि मग साध्या सर्दीने अस्तर मिलिमीटरभर सुजलं की एका रात्रीत गुदमरतो. तुमच्या अण्णांना या आजारात सगळ्यात जवळचा धोका आहे तो हा. आजार पसरण्याचा धोका त्याच्या कितीतरी मागे आहे.

आता गाठीकडे वळू.

स्वरयंत्राचे कॅन्सर म्हटलं की शंभरातले नव्वदाहून जास्त एकाच प्रकारचे असतात. ते आतल्या ओल्या अस्तरातून निघतात, तंबाखू-दारूशी त्यांचं घट्ट नातं असतं आणि दुर्बिणीत ते खरबरीत, जखमेसारखे दिसतात. अण्णांच्या घशात दिसतंय ते तसं नाही. वरचं अस्तर धड आहे आणि फुगवटा खालून आला आहे. कॉन्ड्रोसार्कोमा ही कूर्चेची, म्हणजे स्वरयंत्राच्या सांगाड्याची गाठ. स्वरयंत्राच्या गाठींमध्ये तिचं प्रमाण जेमतेम एक टक्का, पण अस्तर सोडून इतर भागांतून निघणाऱ्या घातक गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते. पन्नाशी-साठीनंतरच्या पुरुषांत जास्त होते आणि चारांतल्या तीन जणांत क्रिकॉइडच्या मागच्या पाटीतूनच निघते. तंबाखूशी तिचा ठोस संबंध दिसलेला नाही. त्यामुळे ‘ज्याने कधी बिडी ओढली नाही त्याला कसा?’ हा प्रश्न घरात कोणी काढला तर उत्तर तयार ठेवा. वयाप्रमाणे स्वरयंत्राच्या कूर्चांचं हळूहळू हाड होत जातं, त्या प्रक्रियेत काही पेशी भरकटतात, असं मानलं जातं. अण्णांनी काही चुकीचं केलेलं नाही.

म्हणजे वय, लिंग, जागा, अस्तर शाबूत असणं आणि कॅल्शियमचे ठिपके, सगळं एकाच दिशेने बोट दाखवतंय. मग दोन बायोप्सी कोऱ्या का आल्या?

कारण तुकडा बहुधा गाठीतून आलाच नाही. दुर्बिणीतून जाणारा छोटा चिमटा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा तोडतो, आणि गाठ असते अस्तराच्या खाली, कडक आवरणात. चिमटा तिच्यावर बसतच नाही, घसरतो आणि वरचं अस्तर घेऊन परत येतो. पॅथॉलॉजिस्टने त्यात ‘जुनाट सूज’ पाहिली, ती खरीच होती. रिपोर्ट खोटा नाही, पण तो गाठीचा रिपोर्ट नाही. ‘बायोप्सी चांगली आहे, सहा महिने थांबू’ या सल्ल्यातली गफलत ही. सीटीमध्ये ३ सेंटिमीटरची गाठ आणि बायोप्सीत साधी सूज अशी फारकत दिसली की बायोप्सी फसली असं धरून चालायचं.

तिसरी बायोप्सी पहिल्या दोघींसारखी नको. ती ऑपरेशन थिएटरमध्ये, पूर्ण भूल देऊन, तोंडातून सरळ नळीची दुर्बीण बसवून सूक्ष्मदर्शकाखाली व्हायला हवी. आधी लेझरने किंवा बारीक सुरीने गाठीवरच्या अस्तराला चीर देतात, अस्तर बाजूला सारतात, खालचं आवरण उघडतात आणि मग आतला माल घेतात. तो निळसर-पांढरा, काचेसारखा चकचकीत, कुठे चिकट तर कुठे कचकचीत लागतो. हाती तो लागला की सर्जनला तिथेच कळतं की आपण योग्य जागी पोहोचलो. एक तुकडा पुरत नाही, वेगवेगळ्या खोलीतून तीन-चार लागतात, कारण याच गाठीचा एक कोपरा अगदी शांत आणि दुसरा बराच चवताळलेला असू शकतो. प्रयोगशाळेत या तुकड्यांतलं कॅल्शियम आधी आम्लात विरघळवावं लागतं, नाहीतर ते कापलेच जात नाहीत. म्हणून रिपोर्टला नेहमीपेक्षा काही दिवस जास्त लागतात. उशीर झाला म्हणून घाबरू नका.

या बायोप्सीआधी भूलतज्ज्ञाला सीटी दाखवलेला असला पाहिजे, हे स्वतः विचारून घ्या. अरुंद वाटेत श्वासाची नळी टाकणं अवघड जातं आणि बायोप्सीनंतर सूज येते. त्यामुळे वाट फारच चिंचोळी असेल तर माणूस जागा असताना, फक्त मानेची कातडी बधिर करून, आधी ट्रेकिऑस्टॉमी करतात, म्हणजे मानेत खालच्या बाजूला श्वासनळीला छेद देऊन नळी बसवतात. दिवसाढवळ्या, ठरवून केलेली ट्रेकिऑस्टॉमी ही अर्ध्या-पाऊण तासाची शांत शस्त्रक्रिया असते. तीच मध्यरात्री, निळ्या पडलेल्या माणसावर करावी लागली की जिवावर बेतते. नळी बसली म्हणजे आवाज कायमचा गेला, असंही नाही. वरून थोडी जरी वाट शिल्लक असली तर पुढे बोलण्याची झडप लावून माणूस बोलू शकतो. आणखी एक शक्यता विचारा: वाट मोकळी करण्यासाठी त्याच भुलीत गाठीचा आत आलेला भाग लेझरने किंवा ड्रिलने कोरून काढता येईल का? बऱ्याचदा येतो. श्वासही सुटतो, बायोप्सीला भरपूर मालही मिळतो, आणि नळी टळते.

काकांची भीती आम्हाला अनेक पत्रांतून भेटते, म्हणून सरळ सांगतो. तोंडावाटे घेतलेल्या बायोप्सीने ही गाठ पसरत नाही. बायोप्सी न घेता अंदाजाने रेडिएशन देणं, हे मात्र खरोखर नुकसानीचं आहे. कूर्चेची गाठ किरणांना फारशी दाद देत नाही. आणि गाठीभोवतीच्या धडधाकट कूर्चेला मात्र वर्षभराने, दोन वर्षांनी किरणांचा त्रास होऊ शकतो: ती आतून मरते, सुजते, कधी त्या कारणानेच स्वरयंत्र काढावं लागतं. रेडिएशनला इथे जागा आहे, पण ती मागच्या रांगेत. शस्त्रक्रिया शक्यच नसेल, गाठ वरच्या ग्रेडची, म्हणजे जास्त आक्रमक, निघाली किंवा ऑपरेशननंतर उरलेला भाग पुन्हा काढण्याजोगा नसेल, तेव्हा. खारघरला टाटाच्या आवारात प्रोटॉन उपचाराचं (रेडिएशनचाच एक प्रकार) केंद्र आहे, पण ‘प्रोटॉन’ हा शब्द ऐकून ऑपरेशन टाळू नका. नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमाला केमोथेरपीचा उपयोग होत नाही, तेव्हा ती कोणी पहिल्या फटक्यात सुचवली तर कारण विचारा.

सीटीवर आमचा भर असण्याचं कारण हे की अण्णांचा आवाज वाचेल की नाही ते बायोप्सीपेक्षा सीटीच जास्त ठरवणार आहे. क्रिकॉइड ही श्वासमार्गातली एकमेव पूर्ण गोल कूर्चा. तिची घडण शिक्क्याच्या अंगठीसारखी असते: पुढून बारीक कडं, मागे रुंद पाटी. हे कडं वाट उघडी धरतं आणि मागच्या पाटीच्या वरच्या काठावर दोन्ही बाजूंना दोन चिमुकले सांधे असतात. त्या सांध्यांवर फिरणाऱ्या कूर्चा स्वरतंतू उघडतात, मिटतात. बोलणं, गिळताना वाट बंद होणं, श्वास घेताना ती उघडणं, सगळं त्या सांध्यांवर चालतं. अण्णांचा डावा स्वरतंतू हलत नाही, म्हणजे डावा सांधा बहुधा गाठीत सापडला आहे किंवा तिकडे जाणारी नस दाबली गेली आहे. प्रश्न आता उजव्या सांध्याचा आहे.

म्हणून रेडिओलॉजिस्टकडे जुनाच स्कॅन घेऊन पुन्हा जा आणि लेखी उत्तर मागा. क्रिकॉइडच्या गोलापैकी किती भाग गाठीत आहे, निम्म्याहून कमी की जास्त? उजवा सांधा मोकळा आहे का? वाट सगळ्यात अरुंद कुठे आणि किती मिलिमीटर आहे? गाठ खाली श्वासनळीच्या पहिल्या कड्यापर्यंत पोहोचली आहे का? मागे अन्ननलिकेकडे किती सरकली आहे? स्कॅनचे काप १ मिलिमीटरचे नसतील, जाड असतील, तर ही उत्तरं देता येणार नाहीत आणि स्कॅन पुन्हा करावा लागेल. तो शिरेत डाय देऊन, कवटीच्या तळापासून छातीपर्यंत करून घ्या, म्हणजे फुप्फुसंही त्यातच बघून होतात. गाठीची मऊ हद्द, विशेषतः अन्ननलिकेच्या बाजूची, एमआरआयमध्ये जास्त चांगली कळते. पेट स्कॅनचा आग्रह धरू नका. खालच्या ग्रेडची गाठ त्यात बऱ्याचदा फिकी दिसते आणि घरच्यांना खोटा दिलासा मिळतो.

रिपोर्ट आला की त्यात ग्रेड असेल: १, २ किंवा ३. स्वरयंत्रातल्या बहुतेक गाठी १ किंवा २ असतात. त्या वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. मानेतल्या लसीकाग्रंथींत क्वचितच जातात, फुप्फुसात गेल्या तर थोड्या रुग्णांत आणि तेही मुख्यतः वरच्या ग्रेडमध्ये. पाच वर्षांनंतर दहापैकी जवळपास नऊ रुग्ण या आजारातून तगलेले असतात, आणि स्वरयंत्राच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये मोठ्या गाठीला हे भाग्य नसतं. कदाचित रिपोर्टमध्ये असंही येईल की ‘कूर्चेची गाठ, साधी, कॅन्सर नसलेली कॉन्ड्रोमा की खालच्या ग्रेडचा कॉन्ड्रोसार्कोमा हे या तुकड्यांवरून सांगता येत नाही’. असं आलं तर हताश होऊ नका, चौथी बायोप्सीही मागू नका. छोट्या तुकड्यावरून हा फरक करणं नावाजलेल्या पॅथॉलॉजिस्टनाही जड जातं. स्वरयंत्रात खरी कॉन्ड्रोमा फार दुर्मीळ आणि सहसा लहान असते. ६४ व्या वर्षी ३ सेंटिमीटरची गाठ ही खालच्या ग्रेडचा कॉन्ड्रोसार्कोमा समजूनच चालतात. मुख्य म्हणजे दोन्हींचा पहिला उपचार एकच आहे: शक्य तेवढं स्वरयंत्र राखून गाठ काढणं.

अख्खं स्वरयंत्र आत्ताच काढा, या सल्ल्याशी आम्ही म्हणूनच सहमत नाही. किमान ग्रेड आणि क्रिकॉइडचा हिशेब हाती येईपर्यंत तरी नाही. नेहमीच्या कॅन्सरमध्ये गाठीभोवती निरोगी ऊतींचा पट्टा घेऊन काढायची शिस्त असते आणि तो सर्जन त्या शिस्तीने विचार करत असणार. त्यांची चूक म्हणत नाही, त्यांच्या टेबलावर हा आजार फार वेळा आलेला नसेल. खालच्या ग्रेडच्या या गाठीत मात्र थोडा अंश मागे राहिला तरी तो हळू वाढतो, पुन्हा काढता येतो, आणि दरम्यानची वर्षं माणूस आपल्या आवाजाने बोलतो, नाकाने श्वास घेतो.

पर्याय असे आहेत. गाठ लहान असेल, रुग्ण वयस्क असेल किंवा मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर तोंडावाटे दुर्बिणीने, लेझर आणि ड्रिल वापरून आतला भाग कोरून वाट मोकळी करतात. मानेवर टाका नाही, दोन-चार दिवसांत घरी. गाठ मुळासकट निघत नाही हे माहीत असूनच ते करतात, काही वर्षांनी पुन्हा करावं लागेल असं धरून. दुसरा मार्ग मानेतून. क्रिकॉइडचा निम्म्याहून कमी भाग गुंतलेला आणि एक सांधा शाबूत असेल तर गाठीसकट तेवढी कूर्चा कापून काढतात आणि खिंडार मानेच्या स्नायूने किंवा बरगडीच्या कूर्चेच्या तुकड्याने भरतात. वाट खचू नये म्हणून काही आठवडे आत आधाराची नळी आणि मानेत ट्रेकिऑस्टॉमी राहते. निम्म्याहून जास्त क्रिकॉइड गेली की अडचण सुरू होते. कडं तुटल्यावर वाट कोसळते आणि ती उभी करायला श्वासनळीच वर ओढून जोडणं किंवा तिचा तुकडा रक्तपुरवठ्यासह वर बसवणं असली कामं लागतात. ती मोजक्या ठिकाणीच, मोजक्या हातांनी होतात.

अख्खं स्वरयंत्र काढण्याची वेळ येते ती दोन्ही सांधे गेले असतील, जवळपास सगळी क्रिकॉइड व्यापली असेल, ग्रेड ३ किंवा त्याहून वाईट रूप निघालं असेल किंवा वारंवार उलटून आता राखण्याजोगं काही उरलं नसेल तेव्हा. ती वेळ आलीच तर तो जगण्याचा शेवट नाही. श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बारीक झडप बसवून बोलायला शिकवतात. आवाज जाडा, एकसुरी असतो, पण फोनवर समजतो. झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. पाणी पिताना तिच्यातून ठसका यायला लागला की बदलायची वेळ झाली. मानेतल्या छिद्रावर ओलावा धरणारी जाळी लागते आणि नदीत डुबकी कायमची बंद. खालच्या ग्रेडमध्ये मानेतल्या लसीकाग्रंथी सरसकट काढायची गरज नसते, तेव्हा ‘सोबत मानही साफ करू’ असं कोणी म्हटलं तर तिथेही कारण विचारा. ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून लगेच तपासायची सोयही इथे फारशी कामाला येत नाही, कारण कॅल्शियम भरलेली कूर्चा तशी कापता येत नाही. कडा मोकळ्या निघाल्या की नाही हे नंतरच कळतं. सर्जनने ‘आतच खात्री करून घेऊ’ असं सांगितलं तर ते तितकंसं शक्य नाही, हे लक्षात असू द्या.

भजनाबद्दल तुम्ही विचारलंय आणि अण्णांना आम्हाला खोटं सांगायचं नाही. डावा स्वरतंतू आत्ताच हलत नाही, तो ऑपरेशनने हलायला लागेल अशी शक्यता नगण्य आहे. स्वरयंत्र राखलं तर घरात, बाजारात, फोनवर समजेल असा, किंचित हवा सुटणारा आवाज मिळेल. वरच्या पट्टीतला अभंग, लांबवलेली तान जमणार नाही. उजवा स्वरतंतू चांगला चालत असेल आणि गिळण्याला त्रास नसेल तर पुढे वाणी-उपचारतज्ज्ञाकडून सराव घेऊन खालच्या पट्टीत, टाळाच्या साथीने गुणगुणता येईल. ऑपरेशनआधीच त्या तज्ज्ञाची एक भेट घ्या. आवाजाचं रेकॉर्डिंग होईल आणि गिळण्याची आधीची अवस्थाही नोंदली जाईल, कारण क्रिकॉइडच्या मागच्या भागावर काम झालं की सुरुवातीला पातळ पदार्थ श्वासाच्या वाटेत जाण्याचा त्रास होतो. घट्टसर पेज, हनुवटी खाली घेऊन गिळणं, एकावेळी छोटा घोट, हे सगळं शिकवावं लागतं. आत्ता अण्णांनी जोर लावून बोलू नये, पण मौनही धरू नये. बोलल्याने गाठ वाढत नाही.

बायोप्सीत काहीतरी वेगळंच निघालं तर? तीही शक्यता धरून ठेवा, कारण स्वरतंतूंखालचा गुळगुळीत फुगवटा इतर आजारांतही दिसतो. डाय दिल्यावर गाठ सीटीत झगझगीत उजळत असेल, लालभडक असेल आणि स्वरतंतूंच्या वरच्या भागात असेल तर पॅरागँग्लिओमा या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीचा विचार करतात. तिथे चिमटा लावला तर रक्ताची धार लागते, म्हणून बायोप्सीच टाळतात. पण अण्णांची जागा आणि कॅल्शियम त्याच्याशी जुळत नाही. लाळग्रंथींच्या जातीचा अॅडिनॉइड सिस्टिक कॅन्सर नेमका याच भागात उगवतो, नसांच्या कडेने सरकतो आणि त्यात ऑपरेशननंतर रेडिएशन सहसा देतातच. न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींत तर पोटप्रकारानुसार उपचार पूर्ण बदलतो: एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला केमो आणि रेडिएशन, आणि तो पोटप्रकार विशेष रंग लावून केलेल्या तपासणीशिवाय ठरत नाही. प्लाझ्मासायटोमाला (प्लाझ्मा या रक्तपेशींची गाठ) उलट रेडिएशनच मानवतं. अॅमिलॉइड नावाचं प्रथिन साठतं तेव्हा ती गाठच नसते, काँगो रेड रंगाची तपासणी मागितली नाही तर ते सुटून जातं. आणि आपल्याकडे ‘जुनाट सूज’ असा रिपोर्ट आला की क्षयरोग नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये. छातीचा फोटो, थुंकी आणि जुन्या तुकड्यांची टीबीसाठी तपासणी या आठवड्यात होऊ शकते, खर्चही थोडा आहे.

कागदपत्रांचं काम तुम्ही हातात घ्या. दोन्ही बायोप्सींच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेकडे असतात. ते लेखी अर्ज देऊन मागा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. सीटीची फिल्म नको, सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळे काप घ्या. दुर्बीण तपासणीचा व्हिडिओ असेल तर तोही, कारण स्वरतंतू हलतो की नाही हे फोटोत दिसत नाही. हे घेऊन डोके-मान कॅन्सरचा स्वतंत्र विभाग असलेल्या ठिकाणी जा, मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हे त्यातलं एक. तिथे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस ठरवतात. गाठ सावकाश वाढणारी आहे, तेव्हा श्वास सुरक्षित असेल तर तीन-चार आठवडे यात गेले तरी हरकत नाही. श्वास सुरक्षित नसेल तर मुंबईच्या गाडीत बसण्याआधी जवळच वाट सुरक्षित करून घ्या, आठ-नऊ तासांच्या प्रवासात मध्ये काही करता येत नाही. सर्जनला विचारायचे प्रश्न दोनच, पण नेमके: कूर्चेच्या गाठीत स्वरयंत्र राखून केलेली ऑपरेशनं तुमच्याकडे होतात का, आणि अण्णांच्या बाबतीत ते शक्य नाही असं म्हणत असाल तर कोणत्या कारणाने? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. रुग्णालय यादीत आहे का आणि नेमकं हे ऑपरेशन बसतं का, ते भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून विचारून पूर्वमंजुरी घ्या. भरती झाल्यावर धावपळ करण्यात दिवस जातात.

ऑपरेशननंतर हा आजार ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ असं म्हणू देत नाही. दहा वर्षांनी, त्यानंतरही त्याच जागी उलटल्याचं दिसतं. साधारण दर सहा महिन्यांनी दुर्बीण आणि वर्षाला एक स्कॅन, पुढे अंतर वाढवत, पण आयुष्यभर. पहिल्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, सूज ओसरल्यावर काढलेला स्कॅन जपून ठेवा, पुढचे सगळे स्कॅन त्याच्याशी ताडून बघतात. मध्येच आवाज बदलला, धाप वाढली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

आणि आजच एक कार्ड करून अण्णांच्या खिशात ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘स्वरतंतूंच्या खाली क्रिकॉइडची गाठ, श्वासाची वाट अरुंद, डावा स्वरतंतू हलत नाही. तोंडावाटे नळी टाकणं अवघड, नाक-कान-घसा सर्जनला आधी बोलवा.’ खाली तुमचा फोन नंबर. कुठल्याही कारणाने, अगदी पडून पाय मोडला म्हणूनही, त्यांना भूल द्यायची वेळ आली तर ते कार्ड भूलतज्ज्ञाच्या हातात पडलं पाहिजे.